पहिलं प्रकरण सगळ्यांनाच येतं

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयुष्यात दोन भीती छळतात. पहिली, हे आपल्याला कधी येणारच नाही. ती बी.एस्सी.ला असते. दुसरी, हे आपल्याला एकेकाळी येत होतं. ती एम.एस्सी.ला सुरू होते आणि पहिलीपेक्षा वाईट असते, कारण तिच्यापाशी पुरावा असतो. कपाट आवरताना जुनी वही हाती लागते. आपलंच अक्षर, पानभर डेरिव्हेशन, खाली दोन रेघा मारून चौकटीत बसवलेलं उत्तर आणि शेजारी लाल शाईत सरांचं ‘गुड’. वाचणाऱ्याला त्यातलं अक्षर तेवढं ओळखू येतं.

हे सगळं मनातल्या मनात चालू असतं तोवर ठीक असतं. फुटतं ते दिवाळीच्या सुट्टीत, मावशीकडे. हातात चकली, समोर दहावीतली मावसबहीण आणि तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा. मावशी म्हणते, “तू एवढा फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतोयस, हिला जरा हे गणित सांग की.” गणित किरकोळ असतं. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू भिंगापासून ६० सेंटिमीटरवर, तर प्रतिमा कुठे मिळेल?

गेल्याच महिन्यात हायड्रोजनच्या अणूचं श्रोडिंगर समीकरण सोडवून आलेला हा गृहस्थ पेन उचलतो आणि तसाच थांबतो. ‘एक भागिले व्ही’ आणि ‘एक भागिले यू’ यांच्या मध्ये अधिक असतं की उणे? आरशाच्या सूत्रात एक असतं आणि भिंगाच्या सूत्रात दुसरं, एवढं पक्कं आठवतं. कुठलं कोणाचं, ते नाही. शेवटी देवाचं नाव घेऊन तो अधिक धरतो. वस्तूचं अंतर मात्र उणे ६० लिहितो, कारण चिन्ह संकेतांपैकी तेवढा एकच अजून डोक्यात शाबूत असतो. उत्तर येतं १५.

“दादा, ३० यायला पाहिजे,” मावसबहीण म्हणते. तिच्या आवाजात कीव असते.

काका पेपरातून डोकं वर काढतात. “का रे, एम.एस्सी.ला हे नसतं का?” हा प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणूनच जास्त लागतो. त्यावर मावशी बाजू सावरून घेते. “राहू दे गं, त्यांचं सगळं वरचं असतं. बरं, जाता जाता आमचा गीझर बघशील का? पाणी तापतच नाही.”

परतीच्या एसटीत, खिडकीला डोकं टेकलेलं असताना, आपल्या विद्यार्थ्याला एकदम उमगतं की १५ हे उत्तर येऊच शकत नाही. वस्तू अनंत अंतरावर असली तर प्रतिमा नाभीवर पडते, म्हणजे २० सेंटिमीटरवर. वस्तू जसजशी जवळ आणावी तसतशी प्रतिमा भिंगापासून लांब सरकते. तेव्हा पडद्यावर मिळणारी प्रतिमा २० सेंटिमीटरच्या आत यायचा प्रश्नच नाही. सूत्र आठवो वा न आठवो, उत्तर चुकलंय हे कागदावर पेन न टेकवता सांगता येत होतं. मावसबहिणीला सूत्र येत होतं, ही अक्कल अजून नव्हती. याच्याकडे अक्कल होती, पण ती मावशीच्या घरात न येता एसटीत आली. याने त्याचं समाधान होत नाही. काका एसटीत नसतात.

मग रविवारी रात्री संकल्प होतो: पुन्हा पहिल्यापासून. अगदी अकरावीपासून. नवी लाँग बुक येते, चार रंगांची पेनं येतात, टेबलासमोर वेळापत्रक चिकटवलं जातं. सोमवारी एकके आणि मापन. मंगळवारी मिती आणि मितीय विश्लेषण, तेही चौकटी आखून. बुधवारी-गुरुवारी सदिश. शनिवारपर्यंत गाडी न्यूटनच्या दुसऱ्या नियमाशी येते आणि तिथे इंटर्नल परीक्षेची तारीख लागते, किंवा जर्नल सर्टिफाय करून घ्यायची शेवटची मुदत येते, किंवा रूमवरच्या एखाद्याचा वाढदिवस निघतो. दीड महिन्याने भीती परत उसळते. मधे खंड पडला असल्याने, नीट व्हावं म्हणून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. असं चार-पाचदा झालं की विद्यार्थी मितीय विश्लेषणात इतका तयार होतो की त्याला त्यात डॉक्टरेट द्यायला हरकत नसावी. चुंबकत्वापर्यंत मात्र या वाटेने आजवर कोणी पोहोचल्याचं ऐकिवात नाही.

पुरावा हवा असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जावं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात भौतिकशास्त्राचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडावं. पहिल्या प्रकरणात पेन्सिल, त्यावर शाई, त्यावर पिवळा हायलाइटर, समासात ‘इम्प’ आणि त्याच्या बाजूला तीन चांदण्या. दुसऱ्या प्रकरणात नुसती पेन्सिल. तिसऱ्यात सुरुवातीला एक रेघ, तीही अर्ध्यावर सोडलेली. पुढची पाचशे पानं कोरी करकरीत. दुकानदार ‘एकदम नव्यासारखं आहे’ म्हणतो ते याच पानांच्या जोरावर. त्यात ग्रिफिथ्सच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं पहिलं प्रकरण सदिशांचं, अकरावीच्या संकल्पात सदिश आणि मॅथमॅटिकल मेथड्सचा पेपरही सदिशांपासूनच सुरू. त्यामुळे कर्ल आणि डायव्हर्जन्स ज्याला झोपेत येतात पण ते कशासाठी शिकायचे ते ज्याला कधीच कळलं नाही, असा विद्यार्थ्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला आहे.

हायलाइटरबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण या भीतीवर सर्वांत जास्त पैसे त्याच्यावर खर्च होतात. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे दिले, एक सूर्यावर आणि एक समुद्री पाणमांजरावर. एका गटाने चार सत्रांत उतारा वाच वाच वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं पुस्तक मिटून, आठवेल ते कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० वर आले आणि पुस्तक मिटून बसणारे ६१ वर राहिले. गंमत पुढेच आहे. ‘आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?’ असं आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त खात्री होती ती १४ वेळा वाचणाऱ्यांना.

आपल्याकडच्या अभ्यासिकांमध्ये रात्री अकराला एक चक्कर मारली तर पुस्तक मिटून बसलेला विद्यार्थी दिसतो, नाही असं नाही. तो झोपलेला असतो.

आता तो जगप्रसिद्ध आलेख. मोबाइलवर अभ्यासाच्या टिप्स देणारा प्रत्येक जण तो दाखवतो: एक रेघ डोंगरावरून घसरल्यासारखी खाली येते आणि खाली लिहिलेलं असतं की शिकलेल्यातलं ७० टक्के तुम्ही २४ तासांत विसरता. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो शेअर करतो. हा आलेख हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १८८५ च्या ग्रंथातल्या आकड्यांवरून आला. त्याने प्रयोग केले ते स्वतःवर, आणि पाठ केली ती मुद्दाम बनवलेली निरर्थक अक्षरं. ज्याला काही अर्थ नाही, मागचा-पुढचा संबंध नाही, अशा अक्षरांच्या याद्या. शिवाय त्याने मोजलं ते ‘किती आठवतं’ हे नव्हे. तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी कष्ट पडतात, हे त्याने मोजलं. एक दिवसानंतर सुमारे ३४ टक्के मेहनत वाचत होती, ३१ दिवसांनंतरही २१ टक्के. म्हणजे एकही अक्षर आठवत नाही असं वाटत असतानासुद्धा काहीतरी शिल्लक होतं आणि ते दुसऱ्या खेपेला कामाला येत होतं. भौतिकशास्त्र म्हणजे निरर्थक अक्षरांची यादी नव्हे, असं इथे म्हणायला पाहिजे. टेन्सरच्या तासाला बसलेल्यांचं मत वेगळं पडू शकेल.

भौतिकशास्त्राच्याच विसराळूपणाची मोजदाद कोणी केली आहे का? केली आहे, एमआयटीने. कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली. पहिल्या वर्षी यामिकी शिकून शेवटच्या वर्षाला पोहोचलेल्या ५६ विद्यार्थ्यांना तिथे पहिल्या वर्षासारखाच पेपर पुन्हा देण्यात आला. निकाल २०१२ साली छापून आला. ज्यांच्या मुख्य विषयाचा भौतिकशास्त्राशी संबंध नव्हता, त्यांना लेखी गणितांच्या भागात पहिल्या वर्षी मिळाले असते त्यापेक्षा ६० टक्के कमी गुण मिळाले. जिथे प्रवेश मिळणं जगात सर्वांत अवघड, अशा संस्थांपैकी एकीत शिरलेल्या पोरांची ही गत! आपल्या विद्यार्थ्याने हा आकडा छापून मावशीच्या फ्रिजवर लावायला हरकत नाही.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली आणि ती जास्त मजेची आहे. संकल्पनांच्या वेगळ्या चाचणीत काही प्रश्नांवर हे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या शेवटी होते त्यापेक्षा चक्क सुधारले होते. त्यातले बरेच प्रश्न आलेख वाचायचे होते: वेग-काळाचा आलेख, त्याचा चढ, त्याखालचं क्षेत्रफळ. उरलेल्या प्रश्नांत पहिल्या वर्षी कमावलेलं निम्म्याने गेलं होतं. याचं कारण शोधायला फार डोकं खाजवावं लागत नाही. आलेख मधल्या तीन वर्षांत रसायनशास्त्रात, अर्थशास्त्रात, इंजिनिअरिंगमध्ये रोज समोर येत होते. कप्पीवरून लोंबणाऱ्या वजनांनी मात्र पहिल्या वर्षानंतर कोणाचं दार वाजवलं नव्हतं.

गणिताच्या बाबतीतही असंच दिसतं. हॅरी बारिक आणि लिंडा हॉल यांनी १९९१ साली हजाराहून अधिक लोकांची शाळेतल्या बीजगणिताची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना शाळा सोडून ५० वर्षं झाली होती. ज्यांनी पुढे कॉलेजात कॅल्क्युलस आणि त्यावरचं गणित केलं होतं, त्यांचं बीजगणित अर्धं शतक उलटलं तरी जवळपास जागच्या जागी होतं. ज्यांना शाळेत तेवढेच चांगले गुण होते पण ज्यांनी पुढे गणिताला रामराम केला, त्यांचं हळूहळू धुऊन निघालं. तेव्हा जॅक्सनच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या पुस्तकाशी झटापट करणारा विद्यार्थी ‘माझं बारावीचं सगळं गेलं’ म्हणून रडत असतो त्याच वेळी, स्वतःच्या नकळत, तो बारावीचं इंटिग्रेशन सांभाळत असतो. हे त्याला सांगून उपयोग नाही. तो लगेच विचारतो, “मग भिंगाचं काय?”

काय टिकतं आणि काय जातं याचा हिशेब मात्र अजब आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बारावी-सायन्सवाल्याला, मग तो पुढे बँकेत लागलेला असो की द्राक्षबागेत रमलेला, झोपेतून उठवून रेझिस्टरचे रंग विचारावेत. “बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ.” काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा. हे रॉयसाहेब कोण, ब्रिटनला कधी गेले, त्यांच्या पत्नीचा विजेशी काय संबंध, कोणाला पत्ता नाही. ओहमचा नियम गेला, किरचॉफ गेला, मीटर ब्रिज कशासाठी होता ते गेलं, पण रॉय पतिपत्नीचा संसार पन्नाशीतही सुखाने चालू आहे.

अंगात मुरलेल्या आणखी एका गोष्टीचं दर्शन परीक्षेच्या हॉलमध्ये होतं. विद्युतचुंबकीच्या पेपरला तासाभराने पर्यवेक्षकाच्या खुर्चीतून समोर बघावं. तीस-चाळीस पोरं एकही शब्द न बोलता हात वळवत असतात. कोणाचा अंगठा छताकडे, कोणाचा शेजारणीकडे, कोणी मनगट इतकं पिळलेलं की बघणाऱ्याला दुखावं. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम चालू असतो. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियमही मधेच येऊन जातो. नवखा पर्यवेक्षक हातवारे करून उत्तरं कळवताहेत असं समजून धावत येतो. यातली खरी दुर्घटना वेगळीच असते. उजव्या हाताने पेन धरलेलं असल्यामुळे बरेच जण उजव्या हाताचा नियम डाव्या हाताने वापरतात आणि दिशा बरोबर उलटी येते. ज्यांना कण इलेक्ट्रॉन आहे, तेव्हा दिशा उलटायची, हेही लक्षात राहत नाही, त्यांच्या दोन चुका एकमेकींना खातात आणि पूर्ण गुण मिळतात.

वर्गात असा एक तरी असतो ज्याला विसरण्याचं काहीच वाटत नाही. त्याच्याकडे आइन्स्टाइन असतात. १९२१ साली आइन्स्टाइन अमेरिकेत गेले तेव्हा बॉस्टनमध्ये त्यांना एडिसनच्या प्रश्नावलीतला एक प्रश्न विचारला गेला: आवाजाचा वेग किती? ते म्हणाले की पुस्तकात सहज सापडणारी माहिती मी डोक्यात वागवत नाही. हा किस्सा पोरांना आवाजाच्या वेगापेक्षा चांगला पाठ असतो. तोंडी परीक्षेत मात्र त्याचा उपयोग होत नाही. आइन्स्टाइनांनी हे उत्तर दिलं तेव्हा त्यांच्या नावावर सापेक्षतेचे दोन्ही सिद्धान्त जमा होते. उत्तर देणाऱ्याच्या नावावर दुसऱ्या सेमिस्टरचे दोन बॅकलॉग असले की बहिःस्थ परीक्षकाला त्यातलं तत्त्वज्ञान दिसत नाही.

खऱ्या विसराळूपणाचा मानकरी शोधायचा तर तो मायकेल फॅरेडे. आपण बारावीला ज्यांच्या नियमाने घायकुतीला येतो तेच. चाळिशी संपता संपता त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली आणि पुढे ती कधीच पूर्ण परतली नाही. त्यांच्या पत्रांत या विसरण्याचं रडगाणं पुन्हा पुन्हा येतं. एकदा तर कित्येक आठवडे खपून त्यांनी काही निष्कर्ष काढले, मग जुनी टिपणं चाळली तेव्हा काही महिन्यांपूर्वी आपणच तेच प्रयोग करून तेच निष्कर्ष काढल्याचं त्यांना दिसलं. जर्नल दोनदा लिहावं लागल्यावर आपली पोरं जो आकांत करतात तो इथे आठवावा. फॅरेडे टिपणं ठेवायचे ती मात्र अशी, की प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. दैनंदिनीतले हे क्रमांक १६ हजारांच्या पलीकडे गेले. प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हा शोध त्यांनी १८४५ साली लावला, म्हणजे स्मरणशक्तीची तक्रार सुरू झाल्यानंतर. काय केलं ते डोक्याच्या भरवशावर सोडायचं त्यांनी बंद केलं होतं, एवढाच काय तो फरक.

वहीवरून रिचर्ड फाइनमनही आठवतो. प्रिन्स्टनला डॉक्टरेटआधीच्या तोंडी परीक्षेची तयारी करताना त्याने एक कोरी वही घेतली आणि तिच्या पहिल्या पानावर ‘मला न येणाऱ्या गोष्टींची वही’ अशा अर्थाचं शीर्षक घातलं. मग एकेक शाखा घ्यायची, सुटी करायची, परत जुळवायची आणि कुठे अडतंय ते बघायचं. हा किस्सा वाचून आपल्याकडेही अनेकांनी तशी वही केली. काहींनी तिला सुरेख कव्हर घातलं, आतल्या पानावर शीर्षक रंगवलं, अनुक्रमणिकेसाठी चार पानं सोडली. त्यानंतर वहीत पहिली नोंद काय करावी हे ठरवण्यासाठी त्यांनी सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

भीतीला खतपाणी घालण्यात परीक्षांचा वाटा मोठा. सीएसआयआरच्या नेट परीक्षेत भौतिकशास्त्राच्या पेपरला तीन तासांत ५५ प्रश्न सोडवायचे, २०० गुणांसाठी, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतले पाव कापले जातात. क्लासिकल, क्वांटम, ईएमटी, स्टॅटमेक, इलेक्ट्रॉनिक्स, सगळं एका बैठकीत. ज्याला मुळीच आठवत नाही तो प्रश्न सोडून पुढे जातो आणि वाचतो. मरतो तो अर्धवट आठवणारा. पण रडायचंच तर लेव्ह लँडाऊच्या विद्यार्थ्यांकडे बघून रडावं. या रशियन शास्त्रज्ञाने आपल्या गटात येऊ पाहणाऱ्यांसाठी एक परीक्षामालिका ठेवली होती, गणितापासून थेट क्षेत्र सिद्धान्तापर्यंत, आणि तिला नाव दिलं होतं ‘सैद्धान्तिक किमान’. हे किमान १९६१ पर्यंत पार करणाऱ्यांची यादी स्वतः लँडाऊने केली होती. तिच्यात ४३ नावं आहेत. आपल्याकडच्या एखाद्या नेट-क्लासच्या फलकावर याहून जास्त फोटो असतात.

आणि मग ती येते, प्रॅक्टिकलची ओरल. अंधारी खोली, सोडियमचा दिवा, तो तापून पिवळा धमक होईपर्यंतची न संपणारी मिनिटं, कोपऱ्यात स्पेक्ट्रोमीटर. दारात रांग. आतून बाहेर आलेल्या प्रत्येकाला बाकीचे घेरतात, “काय विचारलं? काय विचारलं?” तो सांगतो, “दोन व्हर्निअर का असतात ते.” रांगेत एकदम शांतता पसरते. वर्षभर सगळ्यांनी दोन्ही व्हर्निअर वाचले आहेत, दोन रकाने आखले आहेत, सरासरी काढली आहे. कोणीतरी पुटपुटतो, “एक खराब झाला तर दुसरा असावा म्हणून असेल.” खरं कारण असं, की वर्तुळाकार पट्टीचं केंद्र आणि दुर्बीण ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष तंतोतंत जुळत नाहीत. समोरासमोरच्या दोन वाचनांची सरासरी घेतली की ती चूक जाते. हे ऐकल्यावर रांगेतला प्रत्येक जण “अरे हो, विसरलोच होतो” म्हणतो. इथे जरा थांबावं लागेल. वाचनं आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली, काही ठिकाणी तर उत्तर आधी ठरवून मागे मागे बसवलेली. जे कधी डोक्यात शिरलंच नाही ते विसरलो म्हणायला चांगलं वाटतं, इतकंच. भौतिकशास्त्रात ‘विसरलो’ या सदरात जमा होणाऱ्या मालातला निम्मा तरी असा असावा.

याबाबतीत या पोरांना सोबत मोठी आहे. २३ जुलै १९२३, म्युनिक. वेर्नर हायझेनबर्ग, वय २१, डॉक्टरेटची तोंडी परीक्षा. प्रबंध प्रवाहांच्या खळबळीवर, गणिताच्या प्रश्नांना पोरगा चटाचट उत्तरं देतोय, मार्गदर्शक झोमरफेल्ड खूश. मग प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म वीन पुढे सरसावले. फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटरची विभेदन क्षमता किती? येईना. बरं, सूक्ष्मदर्शकाची? तीही येईना. दुर्बिणीची? तेही नाही. निदान बॅटरी कशी चालते ते सांगा. पोरगा गप्प. हायझेनबर्ग हे विसरला होता म्हणावं तर तसंही नाही. वीनच्या प्रयोगशाळेतले तास त्याने मनावरच घेतले नव्हते. झोमरफेल्डनी सर्वोत्तम श्रेणी दिली, वीननी सर्वांत खालची, आणि सरासरी काढून त्याला तिसऱ्या श्रेणीत पास केलं. तो त्याच रात्रीच्या गाडीत बसला, सकाळी ग्योटिंगेनला माक्स बोर्नच्या दारात उभा राहिला आणि कबूल केलेली नोकरी अजून आहे का, असं विचारता झाला. बोर्ननी प्रश्न कोणते होते ते ऐकून घेतले आणि त्याला ठेवून घेतलं. घरी वडिलांना मात्र चैन पडेना. पोराला थोडं प्रयोगाचं शिकवा म्हणून त्यांनी तिथल्या जेम्स फ्रांक यांना पत्र घातलं.

चार वर्षांनी हायझेनबर्गने अनिश्चिततेचं तत्त्व मांडलं आणि ते समजावून सांगायला उदाहरण निवडलं ते गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचं. त्यातही विभेदन क्षमतेच्याच जागी तो घसरला. नील्स बोरनी चूक दाखवून दिली, बरीच वादावादी झाली आणि लेखाच्या शेवटी हायझेनबर्गला दुरुस्तीची पुस्ती जोडावी लागली. १९३२ चं नोबेल त्याला तरीही मिळालं.

आपल्याकडे ऑप्टिक्सच्या ओरलला विभेदन क्षमता आजही हमखास विचारतात. पोरं व्याख्या आदल्या रात्री पाठ करतात, परीक्षकासमोर एका दमात म्हणतात आणि चपला घालेपर्यंत विसरून जातात. गुण मात्र हायझेनबर्गपेक्षा चांगले पडतात.